बाटिकचे मेण, रंग आणि कारागिराचे आरोग्य

उज्जैनच्या माधव नगरापासून काही किलोमीटरवर, क्षिप्रेकाठी वसलेले भैरवगड बाटिकसाठी प्रसिद्ध आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी रेखली जाते. मेणाखालचा भाग रंग घेत नाही आणि मेणाच्या भेगांतून झिरपलेल्या रंगाने बाटिकच्या त्या विशिष्ट रेषा उमटतात.

या कलेतला धोका चुलीपासूनच सुरू होतो. पॅराफिन मेण प्रमाणाबाहेर तापले, की त्यातून ॲक्रोलिनसारखे दाहक वायू सुटतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, श्वास कोंडतो. म्हणून मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवावे. मेण पेटलेच, तर त्यावर पाणी कदापि ओतू नये, भडका उडतो. आच बंद करून झाकण घालावे.

नॅप्थॉल रंग विरघळवण्यास लागणारा कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी नव्हे. काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक अमाइने सुटतात. अशा रंगांवर भारताने १९९७ मध्ये बंदी घातली. तेव्हा नावगाव नसलेली सुटी पुडी कितीही स्वस्त असली, तरी ती महागच. तोंडाला बांधलेला गमछा वाफ अडवत नाही आणि बारीक भुकटीही पुरेशी रोखत नाही. भुकटी कालवताना कणरोधक मुखपट्टी व रबरी हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात.

घरातच काम चालत असेल, तर रंगासाठी एकदा वापरलेले पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.