पुन्हा नीट द्यावी का? नकार, गुण आणि दुसरा प्रयत्न

या मालिकेत आपण रोजच्या जगण्यातले पेच घेतो आणि तत्त्वज्ञानाचा त्यांना काही उपयोग होतो का, ते पाहतो. आजचा पेच दर पावसाळ्यात असंख्य घरांत शिरतो. नीटचा निकाल लागतो, मार्क कमी पडतात, एमबीबीएसच्या याद्या एकामागून एक लागतात आणि आपलं नाव काही त्यांत येत नाही. मग घरात एकच विषय: पुन्हा बसायचं, की सोडून द्यायचं?

या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. पण तो विचारण्याची नीट रीत मात्र आहे. आणि रीत चुकली, की वर्षं वाया जातात.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत मार्कांना आपण ‘गुण’ म्हणतो, आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही ‘गुण’च म्हणतो. वैशेषिक दर्शनात गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो. फुलाचा रंग फुलात असतो, तसा. परीक्षेतले गुण तसे नसतात, बरं का. ते एका दिवशी, एका प्रश्नपत्रिकेवर उमटलेले असतात. आणि प्रवेश तर त्या गुणांवरही ठरत नाही. तो ठरतो क्रमांकावर, म्हणजे इतरांशी असलेल्या संबंधावर. ‘ही मुलगी पाच फूट उंच आहे’ हे तिच्याबद्दलचं विधान झालं. ‘ती रांगेत चाळिसावी आहे’ हे रांगेबद्दलचंही विधान आहे.

उदाहरण घ्या. 2024 मध्ये अंतिम निकालात 17 जणांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 मध्ये पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते 686. म्हणजे 2024 मध्ये ज्या गुणांना कुणी विचारलं नसतं, ते 2025 मध्ये मानाचे ठरले. मुलं तीच, अभ्यासक्रम जवळपास तोच. मग नुसते गुण पाहून ‘मी नालायक’ असा निष्कर्ष कसा काढायचा?

दुसरा गोंधळ ‘पात्र’ या शब्दाचा. खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागतात, राखीव गटांना 40. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या मागे किती जण आहेत, ते पर्सेंटाइल सांगतं. 2025 मध्ये खुल्या गटाची पात्रता 144 गुणांवर होती, म्हणजे फक्त 20 टक्के. त्या वर्षी सुमारे 22 लाख मुलं बसली, 12 लाखांहून जास्त पात्र ठरली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. त्यातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या तर निम्म्याच्या आसपास. ‘पात्र आहे तरी प्रवेश नाही’ याचं दुःख करणाऱ्या पालकांनी हे गणित एकदा कागदावर मांडावं. इथे नकार हा नियम आहे आणि प्रवेश हा अपवाद.

मग नशिबाचं काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव. लक्षात घ्या, दैव पाचांपैकी एक आहे. पाचही नव्हे आणि शून्यही नव्हे. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकापासून 2017 पर्यंत वैद्यकीय प्रवेशासाठी चक्क सोडत काढत. जास्त गुण असतील त्याला संधी जास्त, पण शेवटी चिठ्ठी. तिथे नकार मिळालेला मुलगा निदान स्वतःला मूर्ख तरी समजत नसे. आपल्याकडे चिठ्ठी दिसत नाही, पण सीमारेषेवरच्या एकदोन गुणांत ती लपलेली असतेच.

मात्र सीमारेषेपासून दीडशे गुण दूर असू, तर दैवाकडे बोट दाखवता येत नाही. तिथे उरलेल्या चार कारणांकडे बघावं लागतं. आणि इथून आजचा मुख्य मुद्दा सुरू होतो.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. अर्ज करताना कॉलेजातले सगळे गुण मोजले जातात. एखादा विषय पुन्हा दिला, तरी आधीचा कमी ग्रेड पुसला जात नाही. म्हणून दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला तिथे एका प्रश्नाची तयारी ठेवावी लागते: ‘मागच्या वेळेपासून तुझ्यात काय बदललं?’ आपल्याकडे उलटं आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, 2022 पासून कमाल वयाची अटही नाही. मागच्या वर्षीचे गुण नव्या यादीत धरले जात नाहीत. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला 50 टक्के, राखीव गटांना 40 टक्के पुरतात. त्याहून कमी असतील, तर राज्य मंडळाची गुणसुधार योजना आहे. म्हणजे पाटी दरवर्षी कोरी. हे मोठं औदार्य आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की ‘काय बदललं?’ हे आपल्याला कुणीच विचारत नाही. म्हणून ते आपणच आपल्याला विचारायचं.

उत्तर ‘यंदा जास्त अभ्यास करीन’ असं असेल, तर ते उत्तर नव्हे. तो संकल्प झाला. मागची उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका शेजारी ठेवा आणि गेलेल्या गुणांचे तीन ढीग करा. पहिला, जे येतच नव्हतं. दुसरा, जे येत होतं पण चुकलं. तिसरा, जिथवर पोचलोच नाही. 180 प्रश्न, 180 मिनिटं. प्रश्नामागे एक मिनिट. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला, की पाच गुणांचा फरक पडतो. असे वीस प्रश्न म्हणजे शंभर गुण! दुसरा ढीग मोठा असेल, तर नव्या क्लासपेक्षा वेळ लावून सोडवलेल्या सराव परीक्षा उपयोगी. तिसरा मोठा असेल, तर वेगावर काम. पहिला ढीग मोठा असेल, तर अकरावीपासूनचा पाया पुन्हा घालावा लागेल, आणि एका वर्षात ते होईल का हे प्रामाणिकपणे तपासावं लागेल. लातूरची किंवा कोट्याची रिपीटर बॅच हा त्यावरचा आपोआप उतारा नाही. निदान न करता औषध देणारा डॉक्टर आपल्याला चालेल का?

यापुढचा प्रश्न: डॉक्टरच का? आजारी माणसाजवळ राहायचं आहे म्हणून, की घरात कुणीतरी डॉक्टर हवा म्हणून? पहिलं कारण असेल, तर त्या माणसाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत: नर्सिंग, फिजिओथेरपी, दंतवैद्यक, आयुर्वेद. त्यांना ‘दुय्यम’ म्हणणं हे आपल्या समाजाचं अज्ञान आहे. पण एमबीबीएस झालं नाही म्हणून नाराजीने तिकडे जाणं हाही त्या रुग्णांवर अन्यायच. परदेशात जायचं म्हणत असाल, तर तिथेही नीटची पात्रता लागते आणि परत आल्यावर परीक्षा द्यावी लागते. ती पळवाट नव्हे.

तिसरा प्रश्न थांबण्याचा. ‘दोन वर्षं घातली, आता कसं सोडणार?’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. गेलेली वर्षं पुढच्या वर्षाचं कारण होऊ शकत नाहीत. ती थांबलो तरी गेली आणि पुढे गेलो तरी गेली. पुढच्या वर्षाचं कारण पुढेच असायला हवं. म्हणून थांबायचा टप्पा आधी ठरवा, निकालाच्या रात्री नव्हे. डिसेंबरपर्यंत सराव परीक्षेत अमुक सुधारणा दिसली नाही, तर दुसऱ्या वाटेची तयारी सोबत सुरू. हे लिहून ठेवा आणि घरच्यांसमोर ठेवा.

घरच्यांवरून आठवलं. एका मुलाचं वर्ष हे सगळ्या घराचं वर्ष असतं. फी, खोलीभाडं, खानावळ, आणि आईची झोप. म्हणून निर्णय एकत्र व्हावा. पण बघा, कित्येक घरांत मुलाला तिसरी संधी सहज मिळते आणि मुलीला पहिल्याच निकालानंतर ‘पुरे आता’ असं ऐकावं लागतं. तीन ढिगांची कसोटी लावायची, तर ती दोघांना सारखीच लावायला हवी. त्यात वय, लग्न, शेजारी यांचा ढीग नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या काळात मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोला. 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. तो फिरवण्यात कसलाही कमीपणा नाही. परीक्षा पुढच्या मे महिन्यात पुन्हा येते.

थोडक्यात, ‘पुन्हा बसू का?’ या एका प्रश्नाचे आपण तीन प्रश्न केले. काय बदलणार, कशासाठी, आणि कुठवर. तिन्हींची उत्तरं स्पष्ट असतील, तर जरूर बसावं, ताठ मानेनं बसावं. एकाचंही नसेल, तर थांबणं ही हार नव्हे. तोही विचार करून घेतलेला निर्णयच आहे.

आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करू.