जिवंत रोपांची मोजणी

मे महिन्यात मोईचं रोप मेल्यासारखंच दिसतं. पान नाही, पालवीचा मागमूस नाही. मुरमात रोवलेली कमरेएवढी राखाडी काठी. वनमजूर मावशी खाली बसतात, अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडतात आणि आत हिरवं दिसलं की म्हणतात, "हाय." मागे उभा असलेला वनरक्षक वहीत एक रेघ ओढतो. पुढच्या खड्ड्यातल्या रोपाची साल खरवडली तर आत तपकिरी, कोरडं. मावशी शेंडा दोन बोटांत धरून वाकवतात, तो कट्‌कन मोडतो. "ह्ये गेलं बगा." रेघ दुसऱ्या रकान्यात.

पुण्याजवळच्या एका टेकडीवर रोपवनाची मोजणी चालली होती आणि मी ओळीमागून ओळ त्यांच्याबरोबर फिरत होते. उजाडताच सुरू केलेलं हे काम ऊन चढायच्या आत आटपावं लागतं, नंतर मुरूम पायाखाली तापतो. बघणाऱ्याला मोजणी सोपी वाटेल. पण मोई, सालई, पळस, काटेसावर ही इथली झाडं उन्हाळ्याचा बराच काळ पानांशिवाय काढतात, आणि घाईनं मोजणारा कितीतरी जिवंत रोपं मृतांत टाकून मोकळा होईल. एका रोपाचा शेंडा पार वाळलेला होता, पण मावशींनी बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली तर खाली फुगलेला कोंब. याला कुठल्या रकान्यात घालायचं? वनरक्षक जरा थांबला. मावशी म्हणाल्या, "पाऊस पडू द्या सायेब, वर येतंय का न्हाई बगा." नोंद जिवंतात झाली. मला ती योग्य वाटली.

या रेघांना अर्थ आहे, कारण नांगी किती भरायची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी किती नवी लावायची, पुढच्या वर्षी खर्च कशावर करायचा, आणि काम यशस्वी म्हणायचं की फसलं, हे त्यांच्यावरून ठरतं. ही लागवड ज्यातून होते ती केंद्र सरकारची नगरवन योजना 5 जून 2020 रोजी जाहीर झाली, तेव्हा देशापुढे नमुना म्हणून पुण्यातलंच वारज्याचं वन ठेवलं गेलं होतं. 2020-21 ते 2024-25 या काळात 600 नगरवनं आणि 400 नगरवाटिका उभ्या करायच्या असं ठरलं होतं, त्यासाठी 895 कोटी रुपये. नगरवन 10 ते 50 हेक्टरांचं, वाटिका त्याहून लहान. अनुदान हेक्टरी 4 लाख, आणि निर्मिती व देखभाल दोन्ही त्यातच बसवायची. 20 हेक्टरांच्या टेकडीला 80 लाख. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण कुंपण, पायवाटा, पाण्याची सोय, रोपं, मजुरी आणि राखण हे सगळं मांडायला घेतलं की ती पुरवून वापरावी लागते.

हा पैसा कुठून येतो, हे टेकडीवर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. 1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली खाणीसाठी, धरणासाठी, रस्त्यासाठी वनजमीन वळवली की घेणाऱ्यानं पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि गेलेल्या जंगलाचं ठरवलेलं मोल भरायचं असतं. वर्षानुवर्षं साचलेल्या या रकमेसाठी 2016 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. 90 टक्के वाटा राज्यांच्या निधीकडे गेला, 10 टक्के राष्ट्रीय निधीत राहिला. 'कॅम्पाचा निधी' म्हणतात तो हाच. नगरवनाचं अनुदान त्या राष्ट्रीय निधीतून मिळतं. म्हणजे इथे लागणाऱ्या प्रत्येक रोपामागे दुसरीकडे कुठेतरी गेलेलं रान आहे, आणि त्या रानाच्या आधारानं जगणाऱ्या माणसांना या टेकडीची सावली कधी मिळणार नाही. असा पैसा जपूनच खर्चायला हवा.

मावशी आणि त्यांच्या टोळीतल्या बायका तो जपून खर्चतात. खड्डा 45 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. कागदावर हे एका ओळीत मावतं. मुरमात पहारीनं खोदताना एकेका खड्ड्याला किती घाम जातो ते समोर बसून पाहावं. वरची चार बोटं काळी माती एका बाजूला काढायची, मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि रोप लावताना काळी माती मुळांशी घालायची. हे कुणी तपासत नाही, पण रोप जगतं ते त्यानं. उतारावर सलग समतल चर घेतले की पावसाचं पाणी जागीच मुरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाची जाळरेषा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, तेव्हा टेकडीच्या कडेनं रुंद पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे कुणाच्या विडीनं लागलेला वणवा आत शिरत नाही. मजुरीचे पैसे उशिरा आले तर गवत त्यांच्यासाठी थांबत नाही. वरच्या अंगाला काळवंडलेला एक पट्टा दिसत होता. तिथल्या रेघा जवळपास सगळ्या दुसऱ्या रकान्यातल्या होत्या.

त्या पट्ट्याच्या पलीकडे गिरिपुष्पाची जुनी लागवड आहे. मध्य अमेरिकेतलं हे झाड पुण्याच्या टेकड्यांवर सढळ हातानं लावलं गेलं. शेळ्या-गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत, तोडलं तरी फुटतं, भराभर वाढतं. जिवंत रोपांच्या टक्केवारीत ते कायम वरच्या नंबरानं पास होणार. पण त्याच्याखाली पाहिलं तर पाचोळा आणि उघडा मुरूम. हिशेबात यश, टेकडीवर सामसूम. दोष झाड लावणाऱ्या हातांचा नाही. रोपं मोजून पैसे द्यायचे म्हटल्यावर जगणारं रोपच निवडलं जाणार.

टेकडीचा माथा तर मुळात झाडांचा नाहीच. माती वीतभरही नसलेलं ते माळरान आहे. पावसाळ्यात तिथे पवना, मारवेल, कुसळी उभी राहते, गवताच्या बुडाशी चंडोल घरटं करतो, दगडांच्या सांदीत रानफुलं येतात, आणि पाणी हळूहळू झिरपत खालच्या विहिरींना मिळतं. पण सरकारी नकाशांत अशी कितीतरी माळरानं पडीक जमिनीत मोजली गेली आहेत, आणि पडीक म्हटलं की खड्डे आलेच. माथ्यावर घेतलेल्या ओळींत मावशींनाही फारसं काही सापडलं नाही. खड्डा खोदताना गवताची मुळं मात्र उपटली गेली होती, आणि त्या जागी आता रानमोडीचं तण माजायला लागलं आहे.

टेकड्यांना अनुदान नकोच असं मी म्हणत नाही. पुण्यात टेकड्यांच्या अंगाखांद्यावर घरं कशी चढत गेली ते आपण पाहिलं आहे, आणि कुंपण घालून, नावफलक लावून, माणसांना चालायला वाट करून दिलेली टेकडी गिळायला अवघड जाते. हा या योजनेचा मोठाच उपयोग आहे. पण हेक्टरी 4 लाखांतला काही भाग फक्त राखणीला मिळावा: खड्डा न घेता, गवत शाबूत ठेवून, जाळरेषा वेळेवर काढून, रानमोडी मुळासकट उपटून. त्यासाठी रोपांच्या रकान्याशेजारी माळरानाच्या हेक्टरांचा रकाना हवा, आणि तो भरणाऱ्याला 'इथे लागवड का नाही' असं विचारलं जाऊ नये.

वनरक्षकाला हे पटलेलं होतं. पुढच्या आराखड्यात माथा लागवडीतून वगळावा असं तो वर कळवणार आहे, पण नुसतं गवत आहे म्हणून चालत नाही, कुठली गवतं आहेत ते लिहून द्यावं लागेल, म्हणाला. ते काम मी आणि इथे रोज फिरायला येणाऱ्या दोघीतिघींनी अंगावर घेतलंय. गवत तुऱ्यावर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही, तेव्हा सप्टेंबरात सुरुवात करायची. मावशींना सगळ्या गवतांची गावाकडची नावं येतात. त्या दिवसांची मजुरी कुठल्या लेखाशीर्षात बसवायची, एवढं अजून ठरायचं आहे.