शालेय हिंसाचारातील अल्पवयीनांची शिक्षा व लोकमत

शाळेत हत्या वा गंभीर दुखापत करणाऱ्या अल्पवयीन व्यक्तीवर कोणत्या न्यायालयात खटला चालावा व तिला कोणती शिक्षा व्हावी, याविषयीची समाजाची धारणा. या प्रश्नाचा विशेष ऊहापोह अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) झाला आहे. तेथील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागो येथे स्थापन झाले. बालकाला दंड देण्यापेक्षा त्याला सुधारावे, ही त्यामागील भूमिका होती. १९८५ च्या सुमारापासून अल्पवयीनांनी बंदुकीने केलेल्या हत्या वाढत गेल्या, तेव्हा ही भूमिका अनेकांना भाबडी वाटू लागली व ‘प्रौढाचा गुन्हा, प्रौढाची शिक्षा’ ही घोषणा रूढ झाली. ऑरेगन राज्यात तर १९९४ मध्ये मतदारांनीच थेट मतदानाने कायदा संमत केला. त्यानुसार खुनासारख्या गुन्ह्यांत १५ वर्षांवरील आरोपीला प्रौढ मानून किमान शिक्षा सक्तीची झाली. वस्तुतः १९९४ नंतर अशा हत्या घटू लागल्या होत्या. कायदे मात्र कडक होतच राहिले.

१९९८ मधील दोन घटनांनी कायद्यातील विषमता उघड केली. २४ मार्च रोजी आर्कॅन्सॉ राज्यातील जोन्सबरो येथे १३ व ११ वर्षांच्या दोन मुलांनी गोळीबार करून चार विद्यार्थिनी व एक शिक्षिका यांना ठार केले. १४ वर्षांखालील मुलावर प्रौढ म्हणून खटला भरण्याची तेथे तरतूद नव्हती. त्यामुळे वयाची २१ वर्षे पूर्ण होताच, अनुक्रमे २००५ व २००७ मध्ये, ते दोघे मुक्त झाले. लोकक्षोभामुळे आर्कॅन्सॉने १९९९ मध्ये कायदा बदलला. २० व २१ मे रोजी ऑरेगनमधील स्प्रिंगफील्ड येथे १५ वर्षांच्या मुलाने आईवडिलांची व नंतर शाळेतील दोन विद्यार्थ्यांची हत्या केली. त्याला मानसिक विकार असल्याची तज्ञांची साक्ष झाली. तरीही त्याला सु. ११२ वर्षांची कैद झाली. दोन्ही निकालांतील हे अंतर गुन्ह्याच्या भीषणतेपेक्षा आरोपीचे वय व राज्याची सीमा यांवरून पडले.

लोकमत वाटते तितके एकसुरी नसते. ‘बालगुन्हेगारांना कडक शिक्षा हवी काय?’ असे मोघम विचारल्यास होकार अधिक मिळतो. परंतु विशिष्ट मुलाचे वय, घरची स्थिती व मनोवस्था सांगितल्यास तेच लोक सौम्य होतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. मोठ्या घटनेनंतर घाईने झालेले कायदे मात्र मोघम उत्तरावरच आधारलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील गुन्हेगारांची देहान्त शिक्षा २००५ मध्ये आणि पॅरोलविना सक्तीची जन्मठेप २०१२ मध्ये अवैध ठरविली. ऑरेगन विधिमंडळाने २०१९ मध्ये अल्पवयीनांचे खटले आपोआप प्रौढ न्यायालयात जाण्याची तरतूद रद्द केली. परंतु ती पूर्वलक्षी नसल्याने स्प्रिंगफील्डच्या कैद्याला लाभ झाला नाही. पॅरोलविना जन्मठेप देण्याचा न्यायाधीशाचा विवेकाधिकार मात्र कायम राहिला. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे २०२१ मध्ये चार विद्यार्थ्यांची हत्या करणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाला २०२३ मध्ये हीच शिक्षा झाली. तथापि त्याच्या हाती पिस्तूल कसे आले, हा प्रश्नही लोकांनी विचारला. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी १० ते १५ वर्षांची कैद झाली.