लंगोट, डायपर आणि धुणारे हात

बारशाच्या आधीच घरात दोन ढीग तयार होतात. एक आजीने जुन्या सुती साड्या आणि धोतरं फाडून, कडा दुमडून शिवलेल्या त्रिकोणी लंगोटांचा. दुसरा बाळाला बघायला येणाऱ्यांनी आणलेल्या डायपरच्या पाकिटांचा. मग कुरबुर सुरू होते. ‘लेकराला प्लॅस्टिकमध्ये कशाला कोंडता?’ असं आजीचं म्हणणं. ‘आई, रात्री चार-चार वेळा उठून बदलायचं कोणी?’ हा सुनेचा सवाल. दोघींचंही खरं असतं. आजी कातडीचं बोलत असते, सून झोपेचं.

आत असतं काय?

कोरा डायपर कात्रीने उभा कापून पाहा. अंगाला लागणारा वरचा पापुद्रा न विणलेल्या प्लॅस्टिक धाग्यांचा असतो. त्याच्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेली पांढरी भुकटी, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. सगळ्यात खाली पाणी न झिरपणारं प्लॅस्टिक. भुकटीवर अर्धी वाटी पाणी ओता. काही क्षणांत ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते आणि दाबली तरी पाणी फारसं सोडत नाही. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवण्याचा हा गुण, म्हणून बाळाची कातडी लंगोटापेक्षा डायपरमध्ये जास्त कोरडी राहते.

लंगोट ओल धरतो, पण कोंडत नाही. शू झाली की तो भिजतो, बाळ कुरकुरतं आणि लगेच बदलावा लागतो. त्यात आताच्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. त्यांचे लंगोट शू शोषतच नाहीत. मऊ पडलेलं सुती कापड किंवा मलमलच हवं. बाजारात मिळणारे धुवायचे डायपर म्हणजे बाहेरून पाणी अडवणारं कापड आणि आत घालायच्या जाड घड्या. जुन्या लंगोट-मेणकापडाच्या जोडीचंच हे शिवून तयार केलेलं रूप.

पुरळ कशाने येतं?

रॅश आली की दोष डायपरला दिला जातो. खरं कारण वेळ. शू आणि शी एकत्र साचली की युरियापासून अमोनिया बनतो, कातडीवरची आम्लता घटते आणि शीमधली पाचक द्रव्यं कातडी खाऊ लागतात. वरून घर्षण. भिजलेला लंगोट दोन तास तसाच राहिला तरी हेच होतं. पाकिटावर ‘बारा तास’ लिहिलेलं असतं, ती डायपरची क्षमता. कातडीची नव्हे. शी झाली की लगेच, एरवी दोन-तीन तासांनी बदलावं, साध्या पाण्याने पुसून कोरडं करावं आणि दिवसातून काही वेळ उघडं ठेवावं. पावडर नको, तिचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. लाली जांघेच्या घड्यांत शिरली आणि आजूबाजूला बारीक ठिपके उठले, तर बुरशी असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या आठवड्यात लंगोटाचा एक वेगळाच उपयोग होतो. दूध पुरतंय का, या बाळंतिणीच्या काळजीला ओले लंगोट उत्तर देतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होणं ही चांगली खूण. डायपरमध्ये थोडी शू कळतही नाही.

पर्यावरणाचा हिशेब

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने 2008 मध्ये एका मुलाचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला. डायपरमुळे होणारं कार्बन उत्सर्जन सुमारे 550 किलो, कापडामुळे सुमारे 570 किलो. कापड हरलं ते गरम पाणी आणि ड्रायरच्या विजेमुळे. तेच कापड मशीन भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या मुलालाही वापरलं, तर आकडा सुमारे 200 किलोंनी उतरत होता.

आपल्याकडे ऊन फुकट आणि ड्रायर विरळा, म्हणून कापडाचं पारडं सहज जड व्हायला हवं. पण कोकणातल्या श्रावणात दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात लंगोटांसाठी जादा बादल्या आणायच्या कुठून?

डायपरने साफसफाईचं हे काम संपत नाही, घराबाहेर जातं. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर नीट गुंडाळून देणं बंधनकारक केलं होतं आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली होती. तरीही ओल्या कचऱ्यात उघडा टाकलेला डायपर वेगळा करावा लागतो कचरावेचक बाईला, हाताने. म्हणून पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सोपा मार्ग सुचवला: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. शी आधी संडासात टाका. डायपर मात्र कधीच फ्लश करू नका.

मग निवडायचं काय?

पैशाचा हिशेब सोपा आहे. दहा रुपयांचा डायपर, दिवसाला सहा, म्हणजे महिन्याला 1,800 रुपये. दिवसा घरी लंगोट आणि रात्री, प्रवासात, संततधारेत डायपर असं केलं, तर दिवसाला दोन डायपर, महिन्याला 600 रुपये. बऱ्याच घरांत शेवटी हेच घडतं आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

लंगोट धुताना शी आधी विसळून काढा, साबण बेताचा वापरा, भरपूर पाण्यात खळबळा आणि कडक उन्हात टाका. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापडाची शोषणशक्ती जाते. जंतुनाशकाचा मारा केला तर त्यानेच कातडी चुरचुरते.

मात्र लंगोट निवडण्याआधी ते धुणार कोण, हे घरात उघड बोलून ठरवा. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती म्हणायचं आणि दुसरीकडे मोरीतली लंगोटांची बादली तिच्याच वाट्याला ठेवायची, असं चालणार नाही. आजीचे गुडघे आणि कामवाल्या ताईंचा पगार हेही या हिशेबात धरा. बाळाच्या बाबाला दोन लंगोट पिळणं जमत नसेल, तर आजी शिकवेल. तिने त्यालाही याच लंगोटांत वाढवलंय.