पोट सुटण्यामागे गोळीही असू शकते

"भात कमी केला, रोज चालते, तरी पोट हटत नाही," अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. अशा वेळी औषधांची पिशवीही तपासावी. दमा, संधिवातासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या प्रेडनिसोलोनने भूक वाढते. चरबी पोटावर व चेहऱ्यावर साचते. मधुमेहातील इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट यांनीही वजन वाढू शकते. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही.

पण बंधू-भगिनींनो, पोटापायी गोळी परस्पर बंद करू नका! प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यास शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करते. गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकते. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांतही स्टिरॉइड असू शकते. सगळी औषधे डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "याला पर्याय आहे का?" विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.