ठसका न लावणारी किरणे

मिरचीच्या हंगामात दोंडाईच्यात शिरणाऱ्याला बाजार दिसण्याआधीच ठसका लागतो. किरणोत्सार अशी वर्दी देत नाही. त्याला वास नाही, चव नाही. म्हणून अणुभट्टीच्या आवारात माणसाच्या पुढे मापक चालतो.

तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. ही भारताची पहिली संशोधन अणुभट्टी, क्षमता १ मेगावॅट. तिचा गाभा पाण्याच्या खोल हौदात बुडवलेला होता. तेच पाणी गाभा थंड ठेवी, न्यूट्रॉनचा वेग कमी करी आणि किरणेही अडवी. हौदात दिसणारी निळी आभा मोहक खरी, पण काठावर उभ्या माणसाला किती किरणे लागतात हे ती सांगत नाही.

ते सांगायला एक यंत्र पुरत नाही. गॅमा किरणांसाठी आयनीभवन कक्ष किंवा गायगर नळी चालते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे त्यांना आडवळणाने पकडावे लागते. पॉलिथिनच्या जाड आवरणात ते मंदावतात, आतल्या बोरॉनमध्ये शोषले जातात, त्यातून अल्फा कण सुटतात आणि मोजले जातात ते हे कण!

शिवाय आकडा वेळेनुसार बदलतो. पाण्यातल्या ऑक्सिजनवर वेगवान न्यूट्रॉन आदळले की नायट्रोजन-१६ तयार होतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम सात सेकंद, पण गॅमा किरणे अतिशय भेदक. हे पाणी वर आले की हौदाच्या काठावरचे माप चढते. भट्टी बंद केल्यावर मिनिटभरात हा नायट्रोजन जवळजवळ नाहीसा होतो. हवेतल्या आर्गॉनपासून बनणारा आर्गॉन-४१ मात्र तासन्‌तास रेंगाळतो. म्हणून नोंदवहीत नुसता आकडा लिहून भागत नाही. भट्टी तेव्हा किती शक्तीवर चालली होती, हेही लिहावे लागते.

खरी कसोटी फटींची. काँक्रीटच्या जाड भिंतीतून नळी किंवा केबल जाते तिथून किरणांची बारीक शलाका निसटू शकते. मापक वीतभर बाजूला धरला, तर ती हुकते. सर्वेक्षकाने भिंतीशी चिकाटीने, सावकाश फिरणे याला पर्याय नाही, आणि या कामाचे मोल फार मोठे आहे.

भिंतींप्रमाणेच माणसाला लागलेली किरणेही मोजावी लागतात. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी (तापदीप्ती मात्रामापक) बिल्ला असतो. त्यातली डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटची चकती नंतर तापवली की साठलेल्या मात्रेच्या प्रमाणात उजेड देते. भारतात कर्मचाऱ्यांसाठी या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आहे. कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर जाता येत नाही. सर्वसामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, आणि तीही निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेखेरीज.