घर सुटले की पेला हाती
शिकणारा मुलगा दारूपासून दूर राहील, असे आम्ही समजतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची तरुणांची पाहणी १९७५ पासून चालू आहे. तिच्यात अनेक वर्षे वेगळेच दिसले. कॉलेजात जाणारी मुले शाळेत असताना इतरांपेक्षा कमी पीत. कॉलेजात गेल्यावर मात्र एका बैठकीत पाच-पाच पेग घेण्यात ती कॉलेजात न गेलेल्या सोबत्यांच्या पुढे जात. एक पेग पचवायला यकृताला सुमारे तास लागतो. पाच एकदम घेतले तर विषच होते.

दोष शिक्षणाचा नव्हे. घर सुटते, वसतिगृहात सोबत्यांचा आग्रह होतो. आईवडिलांजवळ राहून शिकणारी मुले कमी पितात.

आमचीही मुले शिकायला परगावी जातात. फी भरली म्हणजे आमचे कर्तव्य संपले नाही. आठवड्याला त्यांच्याशी बोलावे, सुट्टीत घरी आणावे. आणि सणाला आमच्या हातात किती पेले फिरतात, तेही मुले पाहत असतात.